ऋषिकेशमधील योगनिवास : स्वतःची आखणी स्वतः कशी करावी

यात्रा कंपनीच्या सहलीत ऋषिकेशच्या वाट्याला बहुधा एक दुपार आणि एक गंगा आरती येते. तयार योग-पॅकेजमध्ये खोली, जेवण, मालिश आणि राफ्टिंग हे सगळे एकाच गाठोड्यात बांधून मिळते. या दोन्हींच्या वाटेला न जाता, कोणत्याही संयोजकाशिवाय तेथे आठ-दहा दिवस राहून नियमाने योगाभ्यास करावयाचा आणि शरीराला विश्रांती द्यावयाची असेल, तर ते अवघड नाही. मात्र आखणीचा क्रम उलटा ठेवावा लागतो. प्रेक्षणीय स्थळांची यादी करून उरलेल्या वेळात योग बसवू नये. आधी स्वतःचा दिनक्रम ठरवावा, त्याला जुळणारा वर्ग शोधावा, त्या वर्गापासून चालत जाता येईल असा मुक्काम पाहावा आणि तिकीट त्यानंतर काढावे.

केव्हा जावे

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने सर्वांत सोयीचे आहेत. ऋषिकेश हिमालयाच्या पायथ्याशी, जेमतेम साडेतीनशे मीटर उंचीवर आहे. थंड हवेच्या ठिकाणी जात आहोत अशा समजुतीने मे महिन्यात गेलेल्यांची तेथे चांगलीच फसगत होते. शिवाय अक्षय्य तृतीयेच्या सुमारास चारधाम यात्रा सुरू होते आणि बद्री-केदारकडे जाणारी वाहतूक ऋषिकेशवरूनच जात असल्याने रस्ते आणि धर्मशाळा दोन्ही भरून जातात. मार्चमध्ये परमार्थ निकेतन या गंगाकाठच्या आश्रमात आंतरराष्ट्रीय योग महोत्सव भरतो. निरनिराळ्या परंपरांचे शिक्षक एकाच ठिकाणी पाहावयाचे असतील तर तो आठवडा उत्तम, परंतु शांतता हवी असेल तर तो टाळावा.

कावड यात्रेच्या, म्हणजे खांद्यावर कावड घेऊन गंगाजल नेणाऱ्या शिवभक्तांच्या यात्रेच्या, बाबतीत मराठी माणसाची पंचांगामुळे गफलत होऊ शकते. ही यात्रा श्रावणात असते असे सर्वत्र लिहिलेले आढळते, परंतु उत्तरेकडील महिने पौर्णिमेला संपतात, त्यामुळे तिकडचा श्रावण वद्य पक्ष हा आपला आषाढ वद्य पक्ष असतो. म्हणजेच आपली गुरुपौर्णिमा झाली की लगेच तिकडे कावडियांची गर्दी सुरू होते आणि हरिद्वार-ऋषिकेश रस्त्यावरील वाहतूक वळवली जाते. ‘श्रावण लागायच्या आत जाऊन येऊ’ असा हिशेब करणारा नेमका त्याच गर्दीत सापडतो. एरवीही पावसाळ्यात जाणे इष्ट नाही. जून २०१३ च्या पुरात परमार्थ निकेतनच्या घाटावरील शंकराची भव्य मूर्ती प्रवाहात वाहून गेली होती, यावरून तेथील नदीच्या जोराची कल्पना यावी.

कोणत्या काठावर राहावे

मुक्कामाची निवड हा या आखणीचा कणा आहे. गंगेच्या उजव्या काठावर मुख्य बाजारपेठ, त्रिवेणी घाट, मुनी की रेती आणि वरच्या अंगाला तपोवन आहे. डाव्या काठावर स्वर्गाश्रम, गीता भवन आणि परमार्थ निकेतन आहे. पायी ये-जा करण्यासाठी १९८६ मध्ये बांधलेला राम झूला आणि २०२० मध्ये खुला झालेला जानकी सेतू हे दोन पूल उपयोगाचे आहेत. जुना लक्ष्मण झूला २०२० पासून बंद आहे. त्याच्या शेजारच्या नव्या पुलाची स्थिती निघण्यापूर्वी विचारून घ्यावी, कारण खोली तपोवनात आणि वर्ग पलीकडच्या काठावर असेल, तर राम झुल्यावरून जाण्यासाठी पहाटे साडेपाचला बराच वळसा घालावा लागतो. असा वळसा एक-दोन दिवस हौसेने घातला जातो. नंतर वर्ग बुडू लागतो.

तपोवनात योगशाळा, कॅफे आणि सर्व दरांच्या खोल्या भरपूर आहेत, पण शनिवार-रविवारी दिल्लीकडून येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न आणि गच्चीवरील संगीत यांची तयारी ठेवावी. स्वर्गाश्रमाच्या गल्ल्या अरुंद असल्याने तेथे मोटारींचा त्रास कमी आहे आणि आरतीची गर्दी ओसरली की परिसर निवांत होतो. पहिल्यांदाच जाणाऱ्याने, विशेषतः एकट्याने जाणाऱ्याने, स्वर्गाश्रम किंवा मुनी की रेती यांपैकी एक निवडावे असे माझे मत आहे.

आश्रम की हॉटेल, हा प्रश्न खोलीच्या दरावरून सोडवू नये. आश्रमात राहणे म्हणजे तेथील नियमांत राहणे होय : रात्री ठरावीक वेळेला फाटक बंद होते, जेवणाच्या घंटेनंतर जेवण मिळत नाही आणि प्रार्थनेला उपस्थिती अपेक्षित असते. स्वामी शिवानंदांनी १९३६ मध्ये स्थापन केलेल्या डिव्हाइन लाइफ सोसायटीच्या शिवानंद आश्रमात राहावयाचे असल्यास बरेच आधी लिहून परवानगी घ्यावी लागते. सरळ सामान घेऊन दारात उभे राहण्याची ती जागा नव्हे. तेथे मुक्काम न मिळाला तरी भजन सभागृहात अवश्य जावे. ३ डिसेंबर १९४३ पासून तेथे महामंत्राचे (‘हरे राम हरे कृष्ण’) कीर्तन अखंड चालू आहे. मागच्या बाजूला सतरंजीवर कोणीही शांतपणे बसू शकतो. काही आश्रम एकट्या प्रवाशाला खोली देत नाहीत, म्हणून ही गोष्ट दूरध्वनीवर स्पष्ट विचारावी आणि आधार कार्डाची मूळ प्रत जवळ ठेवावी. परदेशी पारपत्रावर येणाऱ्या मराठी कुटुंबांनी, मुक्कामाची जागा परदेशी नागरिकांची सरकारी नोंद करते ना, याची खात्री करूनच खोली घ्यावी.

शिक्षक आणि वर्ग

ऋषिकेशमध्ये फलकांची वाण नाही. त्यांतील बरेच ‘दोनशे तास’ शिक्षक-प्रशिक्षणाचे असतात. तो साधारण महिनाभराचा, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत चालणारा अभ्यासक्रम असतो. विश्रांतीसाठी जाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. आपल्याला हवे असतात ते रोज पैसे भरून बसता येणारे सुटे वर्ग, किंवा एखाद्या आश्रमाचे ठरावीक दिवसांचे शिबिर. बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगपद्धतीत रस असणाऱ्यांनी मुनी की रेती येथील ओंकारानंद आश्रमाच्या पतंजल योग केंद्राचे वेळापत्रक पाहावे. पुण्याच्या अय्यंगार संस्थेत शिकलेल्याला पट्टे, विटा आणि खुर्च्या यांचा तेथील वापर ओळखीचा वाटेल.

पहिल्या दोन दिवसांत दोन-तीन वेगवेगळे वर्ग करून पाहावेत आणि त्यानंतर एकाच शिक्षकाकडे टिकून राहावे. रोज नवा शिक्षक धरल्यास शरीराला कोणतीच पद्धत अंगवळणी पडत नाही. निवडीची कसोटी सोपी आहे. वर्ग सुरू होण्यापूर्वी शिक्षक नवीन माणसाला रक्तदाब, मणक्याचे दुखणे, शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण यांविषयी विचारतो का, आणि एखादे आसन जमत नसेल तर त्याला पर्याय देतो की पाठीवर हाताने दाब देतो, एवढे पाहिले तरी पुरे. न विचारता दाबणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

ज्यांनी आश्रमीय दिनक्रम कधीच अनुभवलेला नाही, त्यांनी लोणावळ्याच्या कैवल्यधामात (स्थापना १९२४) आधी एखादे छोटे शिबिर करावे, हे उत्तम. पहाटे उठणे, बिनतिखटाचे जेवण आणि मोबाइल बाजूला ठेवणे यांपैकी आपल्याला नेमके काय जड जाते, हे घराजवळच कळते.

दिनक्रम

दिवसाला दोन गोष्टींपेक्षा अधिक नेमू नयेत. पहाटे उठून कोमट पाणी, आसन-प्राणायामाचा वर्ग, मग न्याहारी. दुपारचे जेवण बाराच्या सुमारास, त्यानंतर वाचन किंवा झोप. संध्याकाळी आरती किंवा हलका वर्ग यांपैकी एकच. आणि दहाच्या आत अंथरुणावर. संध्याकाळी वर्ग असेल तर आधीचे तीन तास पोट रिकामे ठेवावे, म्हणजे आलू-पुरीचा मोह दुपारीच उरकावा लागतो. शहरात मांस-मद्य मिळत नाही, पण तळण आणि मिठाई रस्तोरस्ती मिळते आणि पोट बिघडते ते त्यांनीच.

परमार्थ निकेतनची आरती सूर्यास्ताला होते. पायऱ्यांवर जागा हवी असेल तर बरेच आधी पोहोचावे. त्रिवेणी घाटावरची आरती अधिक स्थानिक वळणाची आहे. एक दुपार चौरासी कुटियासाठी राखून ठेवावी. महर्षी महेश योगींचा हा जुना आश्रम, जेथे १९६८ मध्ये बीटल्स या ब्रिटिश संगीतचमूचे सदस्य येऊन राहिले होते, आता राजाजी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे आणि तिकीट काढून पाहता येतो. नदीतल्या गोट्यांनी मढवलेल्या तेथील घुमटाकार ध्यानकुट्यांत शिरले की स्वतःचा श्वास ऐकू येतो. तेथे अर्धा तास छायाचित्रे न काढता बसावे. त्या बाजूला हत्तींचा वावर असल्याने अंधार पडल्यावर जंगलाकडच्या रस्त्याने चालत जाऊ नये. बद्रीनाथ रस्त्यावरील वसिष्ठ गुफेला जावयाचे असल्यास, वर्गाला सुट्टी असेल तो दिवस निवडावा.

प्रकृती आणि नदी

पंचकर्म (आयुर्वेदातील शरीरशुद्धीचे उपचार) या शब्दाखाली तेथे तासाभराच्या तेलमालिशीपासून सर्व काही विकले जाते. मालिश जरूर घ्यावी, परंतु वमन (उलटी करवणे), विरेचन (जुलाब देणे) किंवा बस्ती (एनिमा) या क्रिया नोंदणीकृत वैद्याने नाडी-प्रकृती तपासल्याशिवाय आणि पथ्याचे दिवस हाताशी असल्याशिवाय करू नयेत. शंखप्रक्षालनाचेही (मिठाचे पाणी पिऊन आतडी धुण्याच्या योगक्रियेचेही) तसेच आहे : क्रियेनंतर तुपाची मऊ खिचडी, पूर्ण विश्रांती आणि पुढे काही दिवस पथ्य लागते, म्हणून ती परतीच्या आदल्या दिवशी करणे हा शुद्ध अविचार होय. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी कुंभक (श्वास रोखून धरणे) आणि जोरकस कपालभाती टाळावी. नेहमीची औषधे परतीच्या दिवसापेक्षा चार दिवस अधिक पुरतील इतकी न्यावीत. गंभीर प्रसंगी ऋषिकेशमध्येच एम्स आहे, हा मोठा आधार आहे.

गंगेचे पाणी उन्हाळ्यातही बर्फगार असते आणि प्रवाहाचा वेग वरून कळत नाही. वरच्या धरणांतून पाणी सोडल्यास पातळी अचानक वाढते. स्नान घाटावरच, साखळी धरून करावे. वाळूच्या निर्जन पट्ट्यावरून आत उतरू नये, मग पोहणे कितीही चांगले येत असो.

जाणे-येणे

मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून हरिद्वारला थेट गाडी आहे, पण ती रोज नसते; अन्य दिवशी दिल्लीत गाडी बदलावी. हरिद्वार ते ऋषिकेश अंतर सुमारे २५ किलोमीटर असून बस, टॅक्सी आणि ज्यांना तेथे ‘विक्रम’ म्हणतात त्या सामायिक तीनचाकी रिक्षा मिळतात. विमानाने गेल्यास जॉली ग्रांट विमानतळ ऋषिकेशपासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. पोहोचल्याच्या दिवशी वर्ग ठेवू नये. तो दिवस झोप आणि वाटा पाहून ठेवणे यांसाठी असावा. परतीचा प्रवास मात्र रविवारी दुपारी नको, कारण सुट्टी संपवून दिल्लीकडे निघालेल्या गाड्यांची रांग हरिद्वारपर्यंत लागते. मंगळवार किंवा बुधवारचे तिकीट काढावे, म्हणजे त्या दिवशी सकाळचा वर्गही करून निघता येते.