दोन ड्युटींमधले तास

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात आली की मुंबईत नोकरी शोधणाऱ्या मुली पगाराच्या खालोखाल हेच विचारतात: ड्युटी आठ तासांची बरी की बारा तासांची? मी दोन्ही केल्या आहेत आणि आता वॉर्डाचा ड्युटी चार्ट लावते.

आधी हिशोब करू. आठ तासांच्या सहा ड्युट्या म्हणजे आठवड्याला ४८ तास. बारा तासांच्या चार, म्हणजेही ४८च. पण बदलापूरहून परळला येणारीला घरापासून वॉर्डापर्यंत दोन तास सहज लागतात. सहा दिवस आली तर तिचे २४ तास प्रवासात जातात, चार दिवस आली तर १६. आठवड्याला एक अख्खी ड्युटी वाचते! त्यामुळे विरार, बदलापूर, पनवेलकडच्या सिस्टर बारा तास मागतात यात मला नवल वाटत नाही. परदेशी जाण्यासाठी ओईटी किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांनाही सलग मोकळे दिवस हवे असतात. हॉस्टेलवर राहणाऱ्या, गुडघे दुखायला लागलेल्या किंवा मुलाला शाळेतून आणायचं असलेल्या आठ तासांवर खूश असतात. ज्याचं त्याचं घर, ज्याची त्याची गरज.

मुंबईत बऱ्याच ठिकाणी मात्र यातलं काहीच निखळ नसतं. मॉर्निंग आणि इव्हनिंग सहा-सात तासांच्या, आणि नाईट लांबलचक, दहा ते बारा तासांची. त्याला कारण आहे. तीन सारखे भाग पाडले तर एक पाळी रात्री अकराच्या सुमारास सुटते, आणि त्या वेळी लोकल विरळ झालेली असते. रात्री डब्यात पोलीस असला तरी स्टेशनपासून घरापर्यंतचं अंतर एकटीनेच कापायचं असतं. म्हणून नाईट ताणली जाते. मला ही तडजोड पटते, फक्त नाईटनंतरचा ऑफ खरोखर मिळायला हवा.

आता आवडीपलीकडची गोष्ट. अमेरिकेतल्या चार राज्यांत २२ हजारांहून जास्त नर्सेसचा अभ्यास झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. ८० टक्क्यांहून अधिक जणी आपल्या वेळापत्रकावर समाधानी होत्या. त्याच अभ्यासात, आठ-नऊ तासांच्या तुलनेत, दहा तास किंवा त्याहून लांब ड्युटी करणाऱ्यांमध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून कोमेजण्याची, शक्यता अडीचपटीपर्यंत जास्त निघाली. आवडतं आणि झेपतं यांत इतकं अंतर असू शकतं. २००४ मधल्या दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासात साडेबारा तास किंवा त्याहून जास्त काम झालं की चुकीची शक्यता साधारण तिप्पट झालेली दिसली. आपल्याकडे बारा तासांची ड्युटी साडेबारावर जायला वेळ लागत नाही. ओव्हर द्यायचा असतो, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला पेशंटची सगळी माहिती सोपवायची असते, एखादी फाइल अर्धी असते, रिलिव्हरची, म्हणजे आपल्या जागी येणाऱ्या सिस्टरची, गाडी कुर्ल्याला अडकलेली असते.

तरीही बारा तासांना सरसकट वाईट म्हणायला मी तयार नाही. आयसीयूत ओव्हर जितके कमी, तितकी निसटणारी माहिती कमी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच पेशंट सांभाळला की त्याच्या श्वासातला बारीक बदलही लगेच जाणवतो.

मला खरी भीती वाटते ती दोन ड्युटींमध्ये उरलेल्या वेळाची. इव्हनिंग रात्री नऊला संपते, ओव्हर देऊन निघायला साडेनऊ होतात. डोंबिवलीच्या पुढे राहणारी घरी पोचते अकरा-साडेअकराला. दुसऱ्या दिवशी मॉर्निंग असेल तर सातला वॉर्डात उभं राहण्यासाठी साडेचारला उठायचं. चार्टवर दोन्ही ड्युट्या छोट्या दिसतात, पण झोप मिळते चार-पाच तास. तशा डोळ्यांनी हेपरिनचा (रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा) डोस आणि पोटॅशियमचं डायल्यूशन तपासायचं, जिथे छोटी चूकही जिवावर बेतू शकते! आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७७ च्या नर्सिंगविषयक शिफारशीत दोन पाळ्यांमध्ये किमान १२ तासांची सलग विश्रांती सांगितली आहे, आणि ओव्हरटाइम धरून दिवसाचं काम १२ तासांच्या वर जाऊ नये असंही. चार्ट लावताना मी इव्हनिंगला लागून मॉर्निंग देत नाही. मॉर्निंगनंतर इव्हनिंग, मग नाईट, असा पुढे सरकणारा क्रम शरीराला त्यातल्या त्यात सोपा जातो.

नव्या मुलींना मी पहिल्या वर्षी आठ तासांचीच ड्युटी घ्यायला सांगते, प्रवास वाढला तरी. नवख्या हाताला प्रत्येक कामाकडे दुप्पट लक्ष द्यावं लागतं आणि ते लक्ष दहाव्या तासाला टिकत नाही. शक्य असेल तर ते वर्ष हॉस्पिटलजवळ, दोघी-तिघींनी मिळून खोली घेऊन काढा. हात बसला की बारा तासांचा विचार करा, तोही आठवड्याला चारच ड्युट्या मिळणार असतील तर. बाराच्या सहा म्हणजे ७२ तास. पगार कितीही सांगितला तरी तिथे जाऊ नका.

मुलाखतीत मेट्रन मॅडमना, म्हणजे नर्सिंगच्या प्रमुखांना, संकोच न करता विचारा: नाईट सलग किती लागतात? नाईट ऑफ वेगळा की साप्ताहिक सुट्टीतच धरतात? चार्ट किती दिवस आधी लागतो? इव्हनिंगनंतर लगेच मॉर्निंग देता का? रिलिव्हर आली नाही तर डबल ड्युटी कोण करतं, आणि त्याचा मोबदला सुट्टीत मिळतो की पैशांत? उत्तरं गोलमाल आली तर बाहेर पडून त्याच वॉर्डातल्या एखाद्या स्टाफला गाठा. ती तुम्हाला खरा चार्ट मोबाइलवर दाखवेल.