न्यूमोनिया: खोकला ऐकत बसू नका, श्वास मोजा (घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा)

मागच्या डिसेंबरमधे माझे बाबा, वय ७४, दोन दिवस जेवण नको म्हणत होते, दुपारभर झोपून, खोकला अगदी थोडा, ताप तर नाहीच, म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की थंडीने गारठलेत, अशक्तपणा आलाय. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला काकाच्या नावाने हाक मारली. करोनात घेतलेलं ऑक्सिमीटर कपाटातून काढून बोटाला लावलं तर रक्तातला ऑक्सिजन ८६ टक्के! एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग पांढरा, म्हणजे न्यूमोनिया. बाबा बरे झाले, पण ते दोन दिवस मला अजून टोचतात.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत ही सगळ्यात मोठी चूक आहे, ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही असं धरून चालणं. त्या वयात ताप येईलच असं नसतं. अचानक बरळणं, तोल जाणं, जेवण तुटणं, कधी कधी एवढंच दिसतं. आणि ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश काढा, बोटं गार असतील तर चोळून गरम करा, आकडा स्थिर झाल्यावरच वाचा. ९४ च्या खाली गेला की डॉक्टरांना लगेच कळवा, ९० च्या खाली असेल तर सरळ १०८ ला फोन. सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा जुनाट आजार) असलेल्यांचा आकडा मुळात कमी असू शकतो, त्यांनी आपला नेहमीचा आकडा डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि आकडा चांगला आला पण माणूस धापा टाकतोय तर माणसाकडे बघा, आकड्याकडे नको.

आता लहान मुलं. न्यूमोनियात फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांमधे पू आणि पाणी भरतं, एका श्वासात ऑक्सिजन पुरत नाही, म्हणून शरीर श्वासच वाढवतं. खोकला साध्या सर्दीतही असतो, त्याच्या आवाजावरून काही ठरत नाही. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, पोटावरचा कपडा वर करा आणि पूर्ण १ मिनिट मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, बाळांचा श्वास एकसारखा चालत नाही, हिशोब हमखास चुकतो. २ महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त, असं निघालं तर आजच दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, बाळ दूध ओढत नाही, ओठ निळसर दिसतात, तर मोजत पण बसू नका, निघा.

हे अवघड वाटत असेल तर गडचिरोलीचं बघा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ज्यांना मोजणं जमत नव्हतं त्यांच्यासाठी मणी आणि १ मिनिटाची वाळूची घडी असलेलं साधं यंत्र केलं, दर १० श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला की न्यूमोनिया समजायचा. गावातल्याच माणसांना शिकवून तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू कमी केले, १९९० मधे ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्याकडे तर मोबाईलमधेच स्टॉपवॉच आहे.

घरगुती उपायांबद्दल स्पष्टच लिहितो, आजीला वाईट वाटलं तरी चालेल. बंद खोलीत बाळाला ओव्याची धुरी म्हणजे आधीच दमलेल्या फुफ्फुसात अजून धूर. नाकात तेल सोडू नका, ते फुफ्फुसात उतरलं तर त्यानेच न्यूमोनिया होतो. उकळत्या पाण्याच्या वाफेने पोरं भाजतात. आणि कफ सिरप! सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मधे मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची मुलं विषारी सिरपमुळे गेली, काहींवर नागपुरात उपचार चालू होते, त्याच वेळी केंद्राने सांगितलं की २ वर्षांखाली खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नका.

मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या सुरू करणं, किंवा दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून कोर्स सोडणं, दोन्ही नको. औषध सुरू होऊन २-३ दिवसांत उतार नसेल तर परत दाखवा, डॉक्टर बदलायच्या आधी त्याच डॉक्टरांना सांगा. बरं झाल्यावरही खोकला, थकवा काही आठवडे राहतो, एक्स-रेतला डाग पण उशिरा जातो, घाबरू नका. पण निदान न होता २ आठवडे खोकला चालू असेल तर टीबीसाठी थुंकी तपासा, सरकारी दवाखान्यात फुकट होतं.

लसीचं खूप जणांना अजून माहीतच नाही. न्यूमोकोकल लस (न्यूमोनियाच्या एका मुख्य जंतूवरची), पीसीव्ही, २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात फुकट आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि ९ महिने असे तीन डोस, कार्डावर बघा राहिलाय का. पासष्टीच्या पुढच्यांनी, तसंच शुगर, दमा, हृदयाचा त्रास असलेल्यांनी ही लस आणि दरवर्षीची फ्लूची लस डॉक्टरांना विचारून घ्यावी.

अजून एक, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आडवं ठेवून भरवू नका, घास किंवा पाणी श्वासनळीत जाऊन तिथून न्यूमोनिया होतो. पाठीला उशा लावून बसवा, जेवल्यावर अर्धा तास तसंच बसू द्या. बाबांना घरी आणल्यापासून आम्ही असंच करतो, सोबत रात्री दात घासणं पण, कारण तोंडातले जंतूच खाली उतरतात. आणि घरातली बिडी-सिगरेट त्याच दिवशी बंद झाली.