परदेशी सामान स्वस्तात पाठवायचंय? मग या चुका टाळा

पहिल्यांदा देश बदलला तेव्हा मी एक खोका कुरिअरने पाठवला होता. आत दोन उशा, एक रजई आणि वर कोंबलेले दोन स्वेटर. घरच्या काट्यावर वजन भरलं साडेचार किलो, बिल आलं 30 किलोचं. तावातावाने फोन लावला, तर पलीकडच्या मुलीने एवढंच विचारलं, "खोक्याची मापं सांगता का?" 60 × 50 × 50 सेंटीमीटर. गुणाकार दीड लाख, त्याला भागिले 5000, उत्तर 30. भांडण तिथेच संपलं.

वजन करून मोकळं होणं

हीच सगळ्यात महागडी चूक. कुरिअरवाले खोक्याची दोन वजनं बघतात: काट्यावरचं आणि आकारावरून काढलेलं, म्हणजे व्हॉल्युमेट्रिक. जे जास्त भरेल ते बिलात येतं. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक कुरिअर कंपन्यांसाठी 5000 ने भागायचं. एअर कार्गोत भाजक साधारण 6000 असतो, त्यामुळे तिथे आकाराची झळ थोडी कमी बसते.

समुद्रमार्गे हिशोबच निराळा. तिथे घनमीटर मोजतात. एका घनमीटरमध्ये 1000 किलोपर्यंत वजन बसलं तरी भाडं घनमीटरचंच लागतं, आणि घरसामान त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. पुस्तकांचा 40 × 30 × 30 चा खोका घ्या. वीस-बावीस किलोचा, उचलताना कंबर धरते. कुरिअरने त्याचे पूर्ण बावीस किलोचे पैसे पडतील. जहाजावर मात्र तो जागा घेतो जेमतेम 0.036 घनमीटर. माझ्या त्या उशांच्या खोक्याची जागा 0.15 घनमीटर, म्हणजे असे पुस्तकांचे चार खोके मावतील एवढी!

म्हणून आधी दरपत्रकं मागवत सुटू नका. आधी सामानाचे ढीग करा. जड पण लहान ते समुद्रमार्गे. हलकं पण फुगीर ते व्हॅक्यूम पिशवीत दाबून सुटकेसमध्ये, नाहीतर सरळ कुणाला तरी देऊन टाका. फक्त पुस्तकंच असतील तर टपाल खात्यात 'एम-बॅग' मिळते का विचारा. एकाच पत्त्यावर जाणाऱ्या छापील मजकुराची ही खास थैली असते, आणि बऱ्याच देशांच्या टपालात ती साध्या पार्सलपेक्षा स्वस्त पडते.

विमानातल्या जादा बॅगांचा विचारच न करणं

चार-पाच खोक्यांचंच सामान असेल तर कार्गोवाल्याकडे जाण्याआधी एअरलाइनची वेबसाइट उघडा. जादा बॅग आधी ऑनलाइन घेतली तर बहुतेक ठिकाणी काउंटरपेक्षा बरीच स्वस्त पडते. इकॉनॉमीत सहसा एका बॅगेला 23 किलो आणि तिन्ही मापांची बेरीज 158 सेंटीमीटर अशी मर्यादा असते. 32 किलोच्या वरची बॅग तर जवळजवळ कुणीच चेक-इनला घेत नाही. या वाटेचा मोठा फायदा म्हणजे सामान तुमच्याबरोबर उतरतं आणि मध्ये एजंट, गोदाम, बंदर काहीच येत नाही.

"फारच स्वस्त दिलं" यावर खूश होणं

इथे जरा थांबून वाचा, कारण लोक खरे फसतात ते इथेच. पूर्ण कंटेनर भरण्याइतकं सामान नसेल तर ते इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये जातं. याला एलसीएल म्हणतात. समुद्रभाडं जवळजवळ फुकट दाखवायचं आणि सगळी वसुली पलीकडच्या बंदरावर करायची, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

माझ्या एका मैत्रिणीने तीन कंपन्यांपैकी सगळ्यात कमी दर घेतला. कागदावर 'दारापासून बंदरापर्यंत' असं लिहिलं होतं, तिने ते 'दारापर्यंत' असं वाचलं. सामान पोहोचलं आणि एका अनोळखी एजंटची ईमेल आली: टर्मिनल हँडलिंग (बंदरावरची चढ-उतार), कंटेनर उघडून माल वेगळा करण्याचं शुल्क, डिलिव्हरी ऑर्डरची (माल ताब्यात देण्याच्या कागदाची) फी, कस्टम्स क्लिअरन्स, शिवाय गोदामभाडं. बेरीज मूळ भाड्याहून जास्त. ती आठवडाभर पत्रापत्री करत राहिली आणि तेवढ्यात गोदामाचे फुकटचे दिवस संपले.

दर मागतानाच हे लेखी विचारा: दर दारापर्यंतचा आहे की बंदरापर्यंतचा? पलीकडची सगळी शुल्कं यात धरलीत का? कमीत कमी किती घनमीटरचे पैसे लागतील? (बऱ्याच ठिकाणी किमान 1 घनमीटर असतं. सामान त्याच्या निम्मं असलं तरी पैसे पुरे.) कस्टम्सने खोके उघडून तपासले तर तो खर्च कुणाचा? गोदामात किती दिवस फुकट? उत्तर "तिकडे गेल्यावर कळेल" असं आलं, तर दुसरी कंपनी बघा.

आणि अडकलातच तर? आधी तपशीलवार बिल मागा, एकरकमी आकडा मान्य करू नका. मग कस्टम्सचं काम स्वतः करता येईल का ते बघा. अनेक देशांत स्वतःच्या घरसामानाचे कागद मालकाला स्वतः भरता येतात आणि एजंटची फी वाचते. हँडलिंग आणि डिलिव्हरी ऑर्डर मात्र चुकत नाही. वाद घालायचा असेल तर आधी सामान सोडवा, मग घाला, कारण गोदामाचं मीटर रोज पळत असतं.

सामान जास्तच असेल तर वीस फुटी कंटेनरचाही भाव काढा. त्यात साधारण 33 घनमीटर जागा असते. पंधराएक घनमीटर सामान झालं की अख्खा कंटेनर आणि एलसीएल यांचे दर शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

कस्टम्सची यादी आदल्या रात्री लिहिणं

वापरलेल्या घरसामानावर बहुतेक देश कर लावत नाहीत, पण अटी असतात. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये ढोबळमानाने सामान निदान 6 महिने तुमच्या वापरात असावं लागतं आणि तुम्ही निदान 12 महिने बाहेर राहिलेले असावे लागता. ब्रिटनसाठी 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स'ची (तिथे राहायला येणाऱ्यांच्या सामानाला करमाफीची) मंजुरी सामान पोहोचण्याआधी काढून ठेवणं बरं. कॅनडात स्थायिक व्हायला जाताना मागाहून येणाऱ्या सामानाची यादी पहिल्यांदा देशात उतरतानाच द्यावी लागते. अमेरिकेसाठी 3299 क्रमांकाचा फॉर्म असतो.

यादीत 'किरकोळ घरसामान' असं कधीही लिहू नका. कस्टम्सच्या माणसाला ते 'हा खोका उघडा' असं वाचायला मिळतं. खोका क्रमांक 7: स्टीलची भांडी, वापरलेली, 14 नग. असं लिहा. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, स्पेलिंगसकट. नवी कोरी वस्तू डब्यासकट ठेवाल तर ती 'वापरलेली' म्हणून सुटणं कठीण.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी बुटांचे तळवे ब्रशने घासावेत. चेष्टा नाही, माती, बिया, वेताच्या टोपल्या, साल असलेलं लाकूड यांवर तिथे बारीक नजर असते. लाकडी पेटी करून घेणार असाल तर तिच्यावर आयएसपीएम 15 चा (लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) शिक्का हवा. लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं तापवल्याची किंवा धुरी दिल्याची ती खूण असते.

जे जाऊच नये ते खोक्यात टाकणं

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच. मर्यादा साधारण 100 वॉट-अवर. 20,000 एमएएचची पॉवर बँक 74 च्या आसपास भरते, म्हणजे चालते, पण तुमच्या एअरलाइनचे जादा नियम बघून घ्या. मूळ प्रमाणपत्रं, दागिने, रोजची औषधं जहाजाने पाठवू नका. मिक्सर, इस्त्री यांच्या पाठीवरचा व्होल्टेज वाचा. 230 व्होल्टचं यंत्र 120 व्होल्टच्या देशात प्लग बदलून चालत नाही. अॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो.

विमा नको म्हणणं, किंवा न वाचता घेणं

तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यातल्या फुटतुटीची भरपाई अनेक पॉलिसी देत नाहीत, फक्त अख्खा खोका हरवला तरच देतात. तरीही विमा घ्या, कारण समुद्रात 'जनरल अॅव्हरेज' नावाचा जुना नियम आहे: जहाज वाचवायला आलेला खर्च सगळ्या मालधन्यांत वाटला जातो. मार्च 2021 मध्ये 'एव्हर गिव्हन' हे कंटेनरवाहू जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं, त्यानंतर हेच जाहीर झालं. ज्यांच्या मालाचं काहीही बिघडलं नव्हतं, त्यांनाही माल सोडवण्यासाठी हमी द्यावी लागली. विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते.

खोके दारात आले की ड्रायव्हर घाईत असतो. असू दे. आधी खोके मोजा, दबलेल्या कोपऱ्यांचे फोटो काढा आणि 'खोका 4 ओला, खोका 9 फाटलेला' असं पावतीवर लिहूनच सही करा. बाहेरून न दिसणारं नुकसान समुद्री मालात सहसा 3 दिवसांत लेखी कळवावं लागतं. विमानाने आलेल्या बॅगेसाठी मुदत 7 दिवस, एअर कार्गोसाठी 14. त्यामुळे काचेचे आणि कपबशांचे खोके पहिल्याच संध्याकाळी उघडा, पुस्तकांचे राहिले तरी चालतील.