“आपण आर१ए१!” पितृवंशाची नावं लिहिताना या चुका टाळा

वाय गुणसूत्राचा, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्राच्या चाचणीचा, अहवाल हातात पडला की बहुतेकांचं पहिलं काम म्हणजे त्यावरचं पितृवंश-गटाचं ठळक नाव कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं. “आपण आर१ए१!” कुठल्या वर्षीच्या झाडाप्रमाणे (म्हणजे पितृवंशांच्या शाखांच्या आराखड्याप्रमाणे), कोणत्या म्युटेशनवरून (म्हणजे डीएनएतल्या कोणत्या बदलावरून), कुठपर्यंत तपासून, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. मग दुसऱ्या शाखेतलं कुणी वेगळं नाव टाकतं आणि वादाला तोंड फुटतं. ठाणे-डोंबिवली पट्ट्यातल्या कुलवृत्तांत मंडळांना असे अहवाल समजावून देण्याचं काम मी हौसेने करतो. त्याच त्याच चुका पाहून आता लिहून ठेवणं भाग आहे.

लांबलचक नाव कायमचं धरून चालणं

सगळ्यात मोठी चूक हीच. २००२ पूर्वी पितृवंशांना नावं देण्याच्या सात वेगवेगळ्या पद्धती चालू होत्या आणि एका प्रयोगशाळेचं लिखाण दुसरीला कळत नव्हतं. त्या वर्षी वाय क्रोमोसोम कन्सॉर्टियम या संशोधकांच्या गटाने एका निबंधात एकच झाड मांडलं. मुख्य शाखांना ए ते आर अशी अक्षरं दिली आणि त्यापुढे आकडा, अक्षर, आकडा असं लिहीत उपशाखेपर्यंत जायचं ठरलं. म्हणजे आर१ए१. त्याच निबंधात दुसरी पद्धतही दिली होती: मुख्य अक्षर, मग रेघ, मग शेवटच्या म्युटेशनचं नाव. म्हणजे आर-एम१७.

पहिल्या पद्धतीचं नाव म्हणजे झाडावरची जागा. मधेच नवा फाटा सापडला की त्याच्या खालच्या सगळ्यांची नावं बदलतात. २००९ मध्ये एम४२० हे म्युटेशन पुढे आलं आणि आर१ए हे नाव त्याच्याकडे गेलं. त्यामुळे आधीचा आर१ए झाला आर१ए१, आणि एम१७ असलेला आधीचा आर१ए१ झाला आर१ए१ए. युरोपात सर्रास आढळणाऱ्या एम२६९ चं बघा: आर१बी३, आर१बी१सी, आर१बी१बी२, आर१बी१ए२, आर१बी१ए१ए२ आणि मग आर१बी१ए१बी. वीस वर्षांच्या आत इतकी नावं! म्युटेशन मात्र एकच. नवी मुंबईत कुणी नुसतं “सेक्टर १०” सांगितलं तर रिक्षावाला आधी विचारतो, वाशी की नेरुळ की खारघर? नुसत्या “आर१ए१” ला तोच प्रश्न विचारायला हवा: २००५ चा की २०१५ चा?

हे न विचारल्यामुळे काय होतं ते मी नौपाड्यातल्या एका बैठकीत पाहिलं आहे. घराण्याच्या दोन शाखा होत्या, एक रत्नागिरीकडच्या मूळ गावी राहिलेली, दुसरी काही पिढ्यांपूर्वी ठाण्यात आलेली. गावच्या काकांनी फार पूर्वी चाचणी करून घेतली होती. त्यांच्या अहवालात “आर१ए१”. ठाण्याच्या पुतण्याच्या ताज्या अहवालात “आर-एल६५७”. समितीतल्या एका उत्साही सभासदाने इंटरनेटवर अर्धा तास घालवून निकाल लावला: एक आर, दुसरा एल, म्हणजे पितृवंशच वेगळे, तेव्हा मधे कुठेतरी दत्तक झालेलं असणार. एवढ्यावर न थांबता त्याने छपाईला जाणाऱ्या वंशावळीत काकांच्या पणजोबांच्या नावापुढे “दत्तक?” असं लिहूनही टाकलं. काकांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि उरलेल्या बैठकीत एक शब्द बोलले नाहीत.

अहवालाचं ठळक नाव मी शेवटी वाचतो, आधी मार्करची, म्हणजे तपासलेल्या म्युटेशनांची, यादी काढतो. काकांच्या अहवालाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं: एम१७ आढळलं. एल६५७ हा फाटा एम१७ च्याच खाली येतो. एम१७, मग झेड९३, त्याखाली वाय३, त्याखाली एल६५७. म्हणजे दोन्ही अहवालांत विरोध काहीच नव्हता. काकांची तपासणी फांदीपर्यंत गेली होती, पुतण्याची डहाळीपर्यंत. काकांचा एल६५७ वेगळा तपासून घेतला, तो निघाला. तरीही मी थांबलो नाही, कारण एल६५७ भारतात असंख्य लोकांत आहे, नुसत्या तेवढ्याने चुलतभाऊ ठरत नाहीत. दोघांचे ३७ एसटीआर मार्कर (डीएनएचा छोटा तुकडा सलग किती वेळा येतो ते मोजणारे) लावून बघितले, त्यांत एकाचाच फरक निघाला. “दत्तक?” खोडलं गेलं. काका मात्र पुढच्या बैठकीला आले नाहीत, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. अर्ध्या तासाच्या वाचनावर कुणाच्या पणजोबांपुढे प्रश्नचिन्ह टाकायचं नसतं.

एल, एम ही अक्षरं बघून गट ठरवणं

वरच्या गोंधळाचं मूळ इथे होतं. रेघेच्या आधीचं अक्षर गटाचं. रेघेनंतरचं अक्षर ते म्युटेशन कुणी शोधलं किंवा नोंदवलं ते सांगतं: एम म्हणजे स्टॅनफर्ड, पी म्हणजे ॲरिझोना विद्यापीठ, एल म्हणजे फॅमिली ट्री डीएनए या चाचणी कंपनीची प्रयोगशाळा, सीटीएस म्हणजे सँगर इन्स्टिट्यूटमधले ख्रिस टायलर-स्मिथ. एकच म्युटेशन दोन-तीन ठिकाणी सापडलं की त्याला तेवढी नावं पडतात. एल२१, एम५२९ आणि एस१४५ हे तिन्ही एकच.

जुन्या निबंधातलं नाव नव्या झाडावर शोधणं

ही चूक शिकलेली माणसंही करतात, आणि ती जास्त घातक आहे, कारण नाव सापडतं! फक्त ते दुसऱ्याच कुणाचं असतं.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या पितृवंशावरचा २००७ चा निबंध त्यांना के२ म्हणतो. आजच्या झाडावर के२ बघाल तर तो भलताच मोठा खोड-फाटा आहे, एन, ओ, क्यू, आर हे सगळे त्याच्याच पोटात. जेफरसन यांचा जुना के२, म्हणजे एम७० चा गट, २००८ मध्ये टी झाला.

आपल्याकडे याचा फटका ओ गटात बसतो. मुंडारी भाषा बोलणाऱ्या समाजांवरच्या जुन्या निबंधांत ओ२ए हे नाव वारंवार येतं. ते एम९५ चं. नंतर त्याचं नाव ओ१बी१ए१ए झालं, आणि रिकामं झालेलं ओ२ हे नाव मिळालं एम१२२ ला, जो आधी ओ३ होता आणि ईशान्येकडच्या तिबेटो-बर्मी भाषकांत आढळतो. नेरुळच्या एका विद्यार्थिनीने मला प्रकल्पाचा तक्ता दाखवला. जुने-नवे निबंध एकत्र करून “ओ२” चा एकच स्तंभ केलेला, आणि त्यात झारखंड व नागालँड शेजारी शेजारी. मेहनत खरोखर पुष्कळ होती. तिला एवढंच सांगितलं की सगळे स्तंभ पुसून म्युटेशनच्या नावाने परत मांड. संगणकाला नावं जुळवायला लावण्याचा आडमार्ग इथे चालत नाही, प्रत्येक निबंधातलं झाडाचं चित्र उघडून बघावंच लागतं.

छोट्या, पण नेहमीच्या चुका

नावापुढचा तारा म्हणजे “मूळ” किंवा “शुद्ध” नव्हे. आर१ए* म्हणजे आर१ए आहे, पण तेव्हा तपासलेल्या उपशाखांपैकी एकही सापडली नाही. पुढे आणखी मार्कर तपासले की तारा जातो.

म्युटेशनच्या नावातला टिंबानंतरचा आकडा गाळू नका. एसआरवाय१०८३१ या जागी माणसाच्या झाडात बदल दोनदा झाला: आधी बुंध्याजवळ डीएनएतल्या ए या अक्षराचा जी, मग आर१ए च्या वाटेवर परत जी चा ए. “.१” आणि “.२” यांत हजारो वर्षांचं अंतर आहे.

आईकडचा एच आणि वडिलांकडचा एच यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. मायटोकॉन्ड्रियाचा (आईकडून मुलांकडे येणाऱ्या डीएनएचा) एच युरोपात सर्वाधिक, वाय गुणसूत्राचा एच मुख्यतः भारतीय उपखंडात. एम आणि आर चंही तेच.

बारा एसटीआर मार्करवरून गट “ओळखून” देणाऱ्या प्रेडिक्टरवर मी विसंबत नाही. अंदाज म्हणून ठीक, कुलवृत्तांतात छापायला नाही.

आणि गटाच्या नावावरून जात, गोत्र किंवा कुळ सांगू नका. आर१ए, एच, एल, जे२ हे सगळे आपल्याकडे अनेक जातींत आणि जमातींत मिसळून सापडतात. दहा पिढ्या मागे गेलात तर पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. वाय गुणसूत्र त्यातल्या एकाच जागेचं बोलतं.

मी नोंद कशी ठेवतो

वहीत पहिल्या रकान्यात अक्षर आणि म्युटेशन, दुसऱ्यात झाडाचं नाव आणि तारीख (आयसॉग २०१९-२०, किंवा वायफुल आणि पाहिल्याचा दिवस), तिसऱ्यात तपासलेले पण न सापडलेले मार्कर. लांब नाव पेन्सिलने, शेवटी. तिसरा रकाना लोकांना कंटाळवाणा वाटतो आणि तोच सोडला जातो. पण काका-पुतण्यासारखी दोन नावं जुळवायची वेळ आली की आधी तोच लागतो. जुना छापील अहवाल असेल तर टाकून देऊ नका. कंपनीच्या संकेतस्थळावरचं नाव नव्या झाडाबरोबर बदलत राहतं, आणि तेव्हा नेमकं काय तपासलं होतं ते बहुतेक वेळा त्या कागदाच्या मागच्या पानावरच मिळतं.