पावसाळ्यापूर्वी गावाची सर्पदंश-व्यवस्था कशी उभी करावी

सर्पविषावरचा खात्रीचा उपाय शंभराहून अधिक वर्षांपासून उपलब्ध आहे, आणि तरीही भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० माणसे, दगावली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. त्यातील बहुतांश मृत्यू ग्रामीण भागात आणि घरीच झाले होते, आणि निम्म्याच्या आसपास जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत अग्रक्रमाचे स्थान दिले, तर केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. या आराखड्यात आरोग्य, वन्यजीव आणि पशुवैद्यक या तिन्ही खात्यांचे काम एकत्र धरले आहे. गावपातळीवरही तसेच करावे लागते, कारण साप वन खात्याच्या अखत्यारीत, रुग्ण आरोग्य खात्याच्या अखत्यारीत आणि दंश मात्र शेतात, अशी विभागणी ठेवली की मधल्या मधे वेळ जातो.

तयारीसाठी मे महिना योग्य. सरपंच, पोलीस पाटील, आशा, आरोग्य सेविका, वनरक्षक, परिसरातील सर्पमित्र आणि गावात भगत किंवा मांत्रिक असेल तर तोही, अशा सर्वांची एक बैठक घ्यावी. भगताला वगळू नये असे माझे ठाम मत आहे. रात्री दोन वाजता घाबरलेले कुटुंब सवयीने ज्याच्या दारात जाते, त्यानेच ‘आधी दवाखाना’ असे म्हटले तर दुसऱ्या कोणत्याही प्रचारापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो. त्याच वेळी त्याला हेही स्पष्ट सांगावे की साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

बैठकीनंतरचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे दवाखान्यांची प्रत्यक्ष चौकशी. ती फोनवर उरकू नये, दोघातिघांनी जाऊन करावी. प्रतिविषाच्या, म्हणजे लोक ज्याला सापाची लस म्हणतात तिच्या, किती कुप्या आज शिल्लक आहेत, हे विचारावे. एका रुग्णाचा उपचार सुरू करण्यासाठीच साधारण ८ ते १० कुप्या लागतात, त्यामुळे ‘लस आहे’ एवढे उत्तर पुरेसे नसते. तीन कुप्या असणे म्हणजे व्यवहारात ती नसणेच होय. लसीची तीव्र प्रतिक्रिया आल्यास लागणारे अ‍ॅड्रेनालिन आहे का, रात्री डॉक्टर मुक्कामी असतात का, श्वास बंद पडल्यास हाताने दाबायची अँबू बॅग आणि ती चालवता येणारी परिचारिका आहे का, आणि सर्वांत जवळचा व्हेंटिलेटर कोठे आहे, हेही विचारून लिहून घ्यावे. शीतकपाट नसल्यामुळे लस ठेवत नाही असे कोणी म्हटले, तर भुकटीच्या स्वरूपातील लसीला द्रव लसीसारखी २ ते ८ अंशांची सक्ती नसते आणि ती थंड, कोरड्या जागी ठेवता येते, हे नम्रपणे लक्षात आणून द्यावे. ही माहिती ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या आणि प्रत्येक वस्तीवरच्या भिंतीवर ठळक रंगवावी. सोबत १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक, गावातील दोन जीपचालकांचे क्रमांक आणि ओढ्याला पूर आल्यावर वापरायचा पर्यायी रस्ताही असावा. जीपही मिळाली नाही तर मोटारसायकल चालते, मात्र रुग्णाला मधे बसवून मागे एकाने त्याला घट्ट धरावे.

आता सापांविषयी. महाराष्ट्रातील बहुतेक जीवघेणे दंश नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे असतात, आणि भारतीय प्रतिविष याच चौघांच्या विषावर बनवलेले आहे. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर परिणाम करते. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, सूज वाढत जाते, आणि घोणशीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. सह्याद्रीच्या हिरव्या पट्ट्यात आढळणाऱ्या चापडा या सापाच्या विषावर मात्र हे प्रतिविष उपयोगी पडत नाही, तेथे लक्षणांनुसार उपचार करावे लागतात. ओळखीतील घोटाळे नेहमीचे आहेत. बिनविषारी कवड्याला मण्यार समजले जाते आणि, अधिक घातक म्हणजे, मण्यारीला कवड्या समजून घरी थांबले जाते. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे स्पष्ट आणि डोक्याकडे पुसट असतात, तर कवड्याचे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे विरत जातात. तरीही ओळख पटवण्यासाठी दवाखाना लांबवू नये. साप मारून किंवा पकडून नेण्याची गरज नाही. सुरक्षित अंतरावरून फोटो मिळाला तर न्यावा, नाही मिळाला तर डॉक्टर लक्षणांवरून उपचार ठरवतात.

मण्यारीबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश जवळपास वेदनारहित असतो आणि खूण बहुधा दिसतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, घसा दुखतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात, आणि घरचे लोक अपचन समजून ओवा देत बसतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि पापण्यांचा जडपणा एकत्र जाणवला, तर तो सर्पदंश आहे असे गृहीत धरूनच निघावे. पुढे अर्धांग नव्हे तर सर्वांग लुळे पडते, बाहुल्या विस्फारतात, रुग्ण मृत वाटतो, परंतु त्याला आजूबाजूचे ऐकू येत असू शकते. असा रुग्ण काही दिवस व्हेंटिलेटरवर ठेवल्यास पूर्ण बरा होऊ शकतो, म्हणून वाटेत श्वास मंदावला तरी गाडी माघारी वळवू नये, तोंडाने किंवा बॅगेने श्वास देत राहावे.

दंशानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत करायच्या गोष्टी फारशा नाहीत. रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये, मोडलेल्या हाडाला बांधतात तशी काठी किंवा फळी बांधून तो अवयव स्थिर ठेवावा, अंगठ्या, बांगड्या, जोडवी सूज येण्याआधी काढावीत आणि दंशाची वेळ लिहून घ्यावी. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवावे. आवळपट्टी बांधणे, कापणे, चोखणे, मिरची किंवा कडुनिंब खायला देऊन चव विचारणे, दारू पाजणे, हे सर्व टाळावे. कोणी आधीच दोरी घट्ट बांधली असेल, तर ती वाटेत झटकन सोडू नये. डॉक्टर उपचाराची तयारी करून सोडतील.

रुग्णालयात नातेवाइकांना काय चालले आहे हे कळत असेल, तर गोंधळ आणि भांडणे कमी होतात. डॉक्टर २ मिलीलीटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. नळी कलती केल्यावर रक्त गोठलेले नसेल तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा परिणाम झाला आहे असे समजते. ही तपासणी दर काही तासांनी पुन्हा केली जाते, आणि लक्षणे नसली तरी रुग्णाला २४ तास थांबवून घेतले जाते, त्यामुळे ‘काही झाले नाही’ म्हणून घरी नेण्याचा आग्रह धरू नये. लस शिरेतूनच दिली जाते, आणि मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा लागते, कारण सापाने सोडलेले विष माणसाचे वय पाहून कमी होत नाही. मोठ्या रुग्णालयात पाठवायचे ठरले, तर पहिली मात्रा सुरू करूनच पाठवावे, अशी विनंती नातेवाइकांनी अवश्य करावी. ग्रामीण भागात असे उपचार होऊ शकत नाहीत असे मानण्याचे कारण नाही, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे साधे औषध वापरून असंख्य जीव वाचवण्याचा मार्ग दाखवला, तो कोकणातील छोट्या दवाखान्यांतूनच.

वन्यजीवांची बाजू ही प्रतिबंधाची बाजू आहे. साप घराजवळ येतो तो उंदरांमागे, म्हणून धान्य बंद कोठीत, सरपण आणि कडबा घरापासून दूर, उष्टेखरकटे झाकलेले आणि भिंतींची बिळे लिंपलेली असावीत. धामण मारणे म्हणजे उंदरांना मोकळीक देणे. घरात साप निघाल्यास त्याच्यावर दुरून नजर ठेवून वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर किंवा अधिकृत सर्पमित्राला कळवावे. साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि गळ्यात साप घालून फोटो काढणाऱ्याला गावाने सर्पमित्र मानू नये. पकडलेला साप फार दूर न नेता जवळच्या योग्य अधिवासात सोडावा, अन्यथा अनोळखी प्रदेशात तो बहुधा जगत नाही.

खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचणे, हा मण्यारीविरुद्धचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, खाट नसते, तेथे तर मच्छरदाणी मुकादमाने पुरवलीच पाहिजे. शेतात गमबूट, हातात काठी आणि रात्री बॅटरी हवीच, परंतु अनेक शेतकरी रात्री अनवाणी दारे धरतात, म्हणजे पिकाला पाणी देतात, ते हौसेने नव्हे, वीज रात्री येते म्हणून. कृषिपंपांना दिवसा वीज मिळावी ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात सर्पदंशाचे कारण देऊन लिहावी.

रुग्ण घरी परतल्यावरही काम उरते. घोणस चावलेल्याचे लघवीचे प्रमाण आणि मूत्रपिंडांची तपासणी पुढील काही आठवडे आशाताईंनी पाहावी, जखम चिघळत असल्यास शस्त्रक्रियेसाठी पाठवावे. मृत्यू ओढवलाच तर दुःखात शवविच्छेदन टाळले जाते आणि नंतर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतील २ लाख रुपये मिळवताना कुटुंबाची फरफट होते, म्हणून पंचनामा आणि शवविच्छेदनाच्या वेळी पोलीस पाटलांनी स्वतः सोबत राहावे आणि तालुका कृषी कार्यालयात अर्ज जाईपर्यंत कागद आपल्या ताब्यात जपावेत.