मोठेपणी गिटार: गाडं अडतं ते दोन कॉर्डच्या मध्ये

चाळिशीत गिटार हाती घेतली की गाडं बहुतेकदा एकाच ठिकाणी अडतं: एका कॉर्डवरून (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीवरून) दुसरीवर जाताना. कॉर्ड वाजते, पुढचीही वाजते, पण मधल्या दोन सेकंदांत गाणं तुटतं. मग ‘आपल्या अंगात कलाच नाही’ असं वाटायला लागतं. हे अंतर मात्र मोजता येतं आणि रोज थोडं थोडं कमीही करता येतं.

त्याआधी गिटार तपासा. फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोन असेल तर ठीक. तीनच्या वर असेल तर बोटं दुखणारच, त्यात तुमचा दोष नाही. पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगतं, गिटारचं पोट वर येतं आणि तारा आणखी उंच होतात. दुरुस्ती करणाऱ्याकडे नेऊन सेटअप करून घ्या. तारा जिच्यावर टेकतात ती पांढरी पट्टी तो खालच्या बाजूने घासतो. पट्टी एक मिलिमीटर कमी झाली की बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर उतरतो. शिवाय बाराच्या जाड तारांच्या सेटऐवजी दहाचा बारीक सेट लावा (आकडा सर्वांत बारीक तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत). नवशिक्याचा निम्मा त्रास इथेच संपतो.

आता बोटं. डाव्या हाताची नखं पार कापलेली हवीत. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या मागे म्हणजे खुंट्यांच्या बाजूला टेकवा. दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबलं तर दुप्पट जोर लावूनही तार खरखरते. टोकं दोन-चार आठवडे दुखतील, मग घट्टे पडतील. आंघोळीनंतर लगेच वाजवू नका, कातडी मऊ असते. मनगट किंवा अंगठ्याचा सांधा दुखत असेल तर मात्र थांबा. ते दुखणं वेगळं.

सरावाला कॉर्डची पहिली जोडी ए मायनर आणि सी. सर्वांत बारीक तार पहिली धरा. ए मायनरला तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला आणि अनामिका तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. सीला जायचं तर फक्त अनामिका उचलून पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला ठेवायची. बाकीची दोन बोटं जागची हलवायचीच नाहीत. बहुतेकांची चूक हीच, की तिन्ही बोटं उचलतात आणि नव्याने जागा शोधत बसतात.

घड्याळ लावा आणि एका मिनिटात किती बदल स्वच्छ होतात ते मोजून वहीत लिहा. सुरुवातीला दहा-बारा झाले तरी चालेल. तीसपर्यंत पोचलात की मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवून प्रत्येक कॉर्ड चार ठोके वाजवा. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं कधीही चांगली.

उजवा हात थांबता कामा नये. केहेरव्याच्या आठ मात्रा धरा, म्हणजे खाली-वर अशा चार जोड्या. कॉर्ड बदलायला उशीर झाला तरी हात चालूच ठेवा, मोकळ्या तारा वाजल्या तर वाजू द्या. ऐकणाऱ्याला चुकलेला सूर एकवेळ खपतो, तुटलेला ताल खपत नाही.

एफची पूर्ण बार कॉर्ड (तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा दाबायची) पहिले काही महिने बाजूला ठेवा. त्याऐवजी एफ मेजर सेव्हन घ्या. सीवरून जाताना तर्जनी तिथेच राहते. मधलं बोट चौथ्या तारेवरून तिसरीवर आणि अनामिका पाचवीवरून चौथीवर, दोन्ही आपापल्या फ्रेटवरच सरकतात. जाड दोन तारा छेडू नका.

गळ्याची पट्टी जुळवायला कॅपो, म्हणजे मानेवर सगळ्या तारा दाबणारा चिमटा, घ्या. तुम्ही काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गात असाल तर कॅपो पहिल्या फ्रेटला लावून सीच्या कॉर्ड वाजवा. काळी चार हवी असेल तर कॅपो तिथेच ठेवून जीच्या कॉर्ड, आणि काळी पाच हवी असेल तर जीच्याच कॉर्ड, कॅपो तिसऱ्या फ्रेटला. कॅपो फ्रेटच्या पट्टीला चिकटून लावा आणि लावल्यावर ट्युनरवर (सूर दाखवणाऱ्या यंत्रावर) सहाही तारा पुन्हा तपासा, कारण त्याच्या दाबाने तारा थोड्या चढतात.