जेंटूवर बांधणी मध्येच मरते तेव्हा

जेंटू या लिनक्समध्ये पॅकेजेस सहसा मूळ कोडवरून आपल्याच मशीनवर बांधली जातात; ते काम इमर्ज ही कमांड करते. माझ्या ८ जीबी रॅमच्या मशीनवर मोठं सी प्लस प्लस पॅकेज इमर्ज करताना बांधणी तासाभराने 'किल्ड' म्हणत थांबायची. आधी डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या संदेशांची नोंद, बघा. तिथे 'आउट ऑफ मेमरी' दिसलं, तर कंपायलर निर्दोष आहे. रॅम संपल्यामुळे कर्नलनेच त्याला मारलेलं असतं. सीफ्लॅग्ज, म्हणजे कंपायलरचे पर्याय, बदलत बसू नका.

प्रत्येक समांतर कामाला साधारण २ जीबी धरा. म्हणजे पोर्टेजच्या (जेंटूच्या पॅकेज यंत्रणेच्या) मेक डॉट कॉन्फ या सेटिंग फाइलमधल्या मेकऑप्ट्समध्ये जे८ (एका वेळी आठ कामं) असेल, तर जे४ करा. पण एकाच पॅकेजसाठी सगळी यंत्रणा मंद का करायची? ईटीसी-पोर्टेजखालच्या एन्व्ह फोल्डरमध्ये जे२ लिहिलेली छोटी फाइल ठेवा आणि पॅकेज डॉट एन्व्हमध्ये त्या पॅकेजच्या नावापुढे तिचं नाव द्या. बांधणीची जागा टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्येच फाइली ठेवणाऱ्या जागेवर, असेल तर तीही रॅमच खाते. त्याच फाइलमध्ये पोर्टेज-टीएमपीडीआयआर ही बांधणीची जागा डिस्कवर वळवा. मग इमर्जला रिझ्यूम पर्याय देऊन उरलेली यादी पुढे न्या.

पॅकेज बसलं तरी शेल कधीकधी 'कमांड नॉट फाउंड' म्हणतो, कारण उघड्या शेलकडे जुनाच पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, असतो. एन्व्ह-अपडेट चालवा, मग ईटीसी-प्रोफाइल सोर्स करा. नुसतं पहिलं पुरत नाही. बॅश (शेल) कमांडची जुनी जागा धरून बसला असेल तर हॅश उणे आर चालवा. ईटीसीमधली प्रोफाइल डॉट एन्व्ह फाइल मात्र हाताने बदलू नका, पुढच्या एन्व्ह-अपडेटला ती नव्याने लिहिली जाते. स्वतःचा पाथ एन्व्ह डॉट डी फोल्डरमधल्या ९९लोकल फाइलमध्ये ठेवा.